पण त्याला कसे कळले?

तरुणपणी मला इंग्रजी मारधाडपटांचे वेड होते, हे पंच्याहत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नाही. सत्तरीच्या दशकात मी तलासरीकडच्या एका शाळेत मास्तर होतो. पगार हाती पडला की डहाणू रोडला गाडी धरायची, मुंबईत एखादा खेळ पाहायचा आणि रात्री उशिरा चिकूच्या वाड्यांच्या काळोखात परत यायचे, हा माझा नेम. असाच एकदा ‘डर्टी हॅरी’ पाहिला आणि झपाटून गेलो.

१९७१ सालचा हा अमेरिकन चित्रपट डॉन सीगलने दिग्दर्शित केलेला. क्लिंट ईस्टवुड त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस इन्स्पेक्टर हॅरी कॅलहॅन झाला आहे. शहरात ‘स्कॉर्पिओ’ नावाचा खुनी गच्चीवरून बंदुकीने माणसे टिपतो. एका मुलीला तो पुरून ठेवतो आणि खंडणी मागतो. हॅरी त्याला मैदानात गाठतो, पायात गोळी घालतो आणि त्या जखमेवर बूट रोवून मुलीचा ठावठिकाणा विचारतो. पुढे सरकारी वकील सांगतात, वॉरंटाशिवाय घेतलेली झडती आणि छळून घेतलेली कबुली कोर्टात चालायची नाही. आरोपी सोडावा लागेल! अखेरीस हॅरी त्याला ठार करतो आणि आपला पोलिसी बिल्ला पाण्यात भिरकावतो. सारे थिएटर टाळ्यांनी दणाणले. त्यात माझ्याही टाळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. पोरे खूश झाली. पण मागे बसलेल्या एका वारली म्हाताऱ्याने विचारले,

“गुरुजी, तोच खुनी, हे त्याला कसं कळलं?”

त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांनाच ‘तू’. मी हसून म्हणालो, “अहो, आम्ही डोळ्यांनी पाहिलं ना!”

“तू पाहिलंस. त्या फौजदारानं कुठं पाहिलं?”

मी समजावले, की खंडणी घ्यायला आलेल्या बुरखेधाऱ्याच्या मांडीत हॅरीने सुरी खुपसली होती. त्या जखमेचा माग काढीत तो पोहोचला.

“जखम तर कुणालाही होते,” म्हातारा म्हणाला.

मग तो तलवाड्याबद्दल बोलू लागला. वेठबिगारीविरुद्ध किसान सभेची चळवळ पेटली होती. १० ऑक्टोबर १९४५ चा तो दिवस. गोदावरी परुळेकर बाईंच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला, म्हणून माणसे जमली. पोलिसांना मात्र सांगितले गेले, की वारली चाल करून येताहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले.

“तिथल्या फौजदारालाही वाटत होतं, आपल्याला कळलंय,” एवढे बोलून तो विडी पेटवीत उठून गेला.

त्या प्रश्नाने माझे सिनेमाचे वेड काही सुटले नाही. पण तो प्रश्नही मला सुटला नाही. पुढे कळले, की स्कॉर्पिओ हे पात्र एका खऱ्या खुन्यावरून बेतलेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६८-६९ साली स्वतःला ‘झोडिअ‍ॅक’ म्हणविणाऱ्या इसमाने खून केले, वर्तमानपत्रांना पत्रे धाडली. संशयित पुष्कळ निघाले. खरा कोण, हे आजतागायत कोर्टात सिद्ध झालेले नाही. त्या संशयितांपैकी एकेकाच्या जखमेवर कुणी बूट रोवला असता, तर कबुल्या ढिगाने मिळाल्या असत्या. त्यांतली खरी कोणती मानायची?

पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीवर पुरावा म्हणून लावता येत नाही, हे आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेच ठरवले होते. जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ते कायम आहे. मास्तर असूनही हे कलम मला त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नामुळे समजले.

आपल्या माणसांनीही असा एक फौजदार पडद्यावर आणला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, असा १९८३ चा ‘अर्धसत्य’. ओम पुरीचा अनंत वेलणकर हॅरीसारखाच धुमसतो. पण त्याच्या हातून कोठडीत मरतो तो एक भुरटा चोर! शेवटी तो रामा शेट्टीला मारतो, आणि बिल्ला न भिरकावता पोलिसांपुढे स्वतःच हजर होतो. त्या वेळी थिएटरात मला टाळी वाजवता आली नाही.

आणि मग १६ एप्रिल २०२० ची रात्र आली. टाळेबंदीचे दिवस. चोर आणि पोरे पळविणारे फिरताहेत, अशा अफवा आमच्या भागात उठल्या होत्या. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावाने एक मोटार अडवली. दोन साधू आणि त्यांचा चालक सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. पोलीस तेथे पोहोचले होते, तरी तिघांचाही जीव गेला. त्या जमावालाही वाटत होते, की आपल्याला कळले आहे. ती बातमी ऐकली तेव्हा म्हाताऱ्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. पण मला आठवला तो तोच.

आता मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येते आणि माझा नातू गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर असले चित्रपट पाहतो. मध्येच मी विचारतो, “अरे, पण त्याला कसं कळलं?”

“आजोबा, मघाशी दाखवलं की!”

“तुला दाखवलं,” मी म्हणतो.

तो हसतो आणि चित्रपट पुढे सुरू करतो. खरे सांगायचे तर शेवटच्या गोळीला माझेही हात टाळीसाठी उठतात. मात्र तेवढ्यात ओट्यावरचा तो कंदील डोळ्यांपुढे येतो आणि हात तसेच राहतात.