फायटर माद्या एका टाकीत नांदतील का?

फायटर किंवा बेट्टा हा मासा मूळचा थायलंड परिसरातला. भातखाचरे, दलदल आणि संथ, उथळ पाणी हे त्याचे घर. १९१० मध्ये त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव मिळाले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. झुंजींसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवल्यामुळे याचे नर समोरासमोर आले की एकमेकांवर तुटून पडतात. म्हणून दुकानात ते वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलेले दिसतात. माद्या मात्र खुशाल एकत्र ठेवाव्यात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

मादीही हद्द राखते, कल्ले फुलवून धमकावते आणि परांचे लचके तोडते. चार माद्या एकत्र आल्या की पहिले काही दिवस पाठलाग चालतो आणि त्यातून थोरली-धाकटी अशी उतरंड ठरते. खाचरात हरलेली मादी दूर निघून जाते, तिथे भांडण मिटते. काचेच्या टाकीत तिला जायला जागाच नसते. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

म्हणून टाकी मोठी हवी. ७५ ते १०० लिटरपेक्षा लहान टाकीत हा बेत करू नये आणि उंचीपेक्षा लांबी जास्त असावी. दोन-तीन माद्यांत एकीवरच सगळा मारा होतो; पाच किंवा अधिक असल्या तर तो वाटला जातो. टाकीत व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा मॉस अशा वनस्पती दाट लावाव्यात, लाकडाचे ओंडके आणि आडोसे ठेवावेत. एका टोकाच्या मादीला दुसऱ्या टोकाची दिसू नये, इतकी गर्दी चालेल.

माद्या आणण्याआधी फिल्टर काही आठवडे चालवून पाणी मुरवावे; अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकावे. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे आणि फिल्टरचा प्रवाह मंद असावा. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, तेव्हा पाण्यावर थोडी मोकळी जागा सोडावी. उडी मारू नये म्हणून झाकण लावावे. कोकणात, मुंबईत सर्रास दिसणाऱ्या देशी बदामाचे वाळलेले पान पाण्यात टाकण्याची पद्धत आहे. त्यातल्या टॅनिनमुळे पाणी चहासारखे तांबूस आणि किंचित आम्लधर्मी होते.

शक्यतो एकाच पिल्लावळीतल्या, सोबत वाढलेल्या माद्या घ्याव्यात. दुकानात आखूड परांचे ‘प्लाकाट’ नर मादी म्हणून गळ्यात पडू शकतात. मादीच्या पोटाखाली पांढरा ठिपका असतो, तो पाहावा. अगदी कोवळ्या नरातही असा ठिपका दिसू शकतो, म्हणून नुसत्या ठिपक्यावर विसंबू नये. नव्या माद्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी आणि मग सगळ्या एकाच वेळी सोडाव्यात. मागाहून एकेक भर घातली की दरवेळी नव्याने भांडण जुंपते. खाणे दोन-तीन ठिकाणी थोडे थोडे टाकावे, नाहीतर दांडगी मादी सगळे फस्त करते.

त्यानंतर रोज निरखावे लागते. अंगावर आडवे पट्टे उमटणे हे बहुधा भेदरल्याचे लक्षण. उभे पट्टे मात्र विणीच्या तयारीचे असू शकतात. फाटलेले पर, मिटून घेतलेले पर, कोपऱ्यात दडून बसणे, खाणे सोडणे यांपैकी काही दिसले की त्या मादीला लगेच वेगळे काढावे. एकच मादी सगळ्यांना छळत असेल, तर तिलाच बाहेर काढणे सोयीचे.

वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेल्या माद्याही अचानक बिथरू शकतात. म्हणूनच अनेक जाणकार असा कळप पाळूच नये, असे सांगतात. प्रत्येक मादीला गरज पडल्यास वेगळे ठेवण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्यानेच हा खटाटोप करावा. नवशिक्याने एका टाकीत एकच फायटर ठेवणे चांगले.