घर तेच, बूम नवा
अमेरिकेत वाहिनी बदलणारा वार्ताहर अनेकदा शहरही बदलतो, कारण तेथील दूरचित्रवाणीच्या बाजारपेठा, म्हणजे प्रेक्षकमोजणीसाठी आखलेले भूभाग, शहरांभोवती ठरतात. भारतात मात्र ‘बार्क’ ही प्रेक्षकमापन संस्था त्या मुख्यतः राज्यवार आखते आणि १९५६ पासून कर्नाटकात असलेल्या बेळगाव-निपाणीचा मराठी प्रेक्षक महाराष्ट्र-गोव्याच्या हिशेबाबाहेर राहतो. बातमीमागे मानधन घेणारा येथील ‘स्ट्रिंगर’ मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जाणत असेल, तर माइकवरचा वाहिनीच्या बोधचिन्हाचा ‘बूम’ तेवढा बदलून तो घर न सोडता बाजारपेठ ओलांडू शकतो. मग बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन कन्नड वाहिनीची मुख्य बातमी ठरते, तर त्याच सुमारास हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने पुकारलेला महामेळावा मराठी वाहिनीची. एरवी मुंबईच्या डेस्कला सीमाभाग फारसा आठवत नाही.