हेगमधली बडतर्फी

इराक युद्धाआधीच्या शस्त्रनिरीक्षकांचा विषय निघाला की पहिले नाव येते संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचे. ते योग्यच आहे. पण या प्रकरणाची कात्रणे वर्षानुवर्षे जमवताना माझे मन अडकले ते दुसऱ्याच एका माणसात. त्याची माणसे इराकच्या वेशीपर्यंतही पोहोचली नाहीत. जोसे बुस्तानी हे ब्राझीलचे मुत्सद्दी, शिवाय पियानोवादक आणि 1997 पासून हेग इथल्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे पहिले महासंचालक.

ही संघटना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. रासायनिक शस्त्रबंदी करारातल्या यादीतली रसायने हाताळणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनाही घोषणापत्रे भरावी लागतात आणि तिचे निरीक्षक इथेही येऊन जातात. यादी वाचली तर गंमत वाटते. थायोडायग्लायकॉल कापडछपाईच्या रंगात आणि शाईत चालते, आणि त्याच्यापासून मस्टर्ड वायूही बनतो. म्हणूनच निरीक्षकाला पिंपातल्या मालाइतकेच हिशेबाच्या वह्यांमध्येही डोके घालावे लागते.

बुस्तानींच्या काळात सदस्य देश 87 वरून 145 वर गेले. मे 2000 मध्ये, पहिली मुदत संपायला वर्ष बाकी असतानाच, त्यांची एकमताने फेरनिवड झाली. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी कामाची वाखाणणी करणारे पत्रही पाठवले. मग बिनसले कुठे? बुस्तानी इराकला करारात ओढू पाहत होते. इराक सदस्य झाला असता तर निरीक्षकांना तिथे जाण्याचा हक्क मिळाला असता, आणि इराककडे घातक शस्त्रे आहेत, हे युद्धाचे मुख्य कारणच लंगडे पडले असते. अमेरिकेने मात्र आरोप केला तो ढिसाळ कारभाराचा आणि पक्षपाताचा. अमेरिकी परराष्ट्र खात्यातले जॉन बोल्टन स्वतः हेगला येऊन राजीनामा मागून गेले. त्या भेटीत आपल्या मुलांचा उल्लेख धमकीच्या सुरात झाला, असे बुस्तानी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

त्यांनी राजीनामा दिला नाही. मार्च 2002 मध्ये कार्यकारी मंडळातला अविश्वास ठराव पडला. तेव्हा थेट सदस्य देशांचे खास अधिवेशन बोलावण्यात आले. अमेरिका संघटनेच्या खर्चाचा 22 टक्के वाटा उचलत होती, त्यामुळे तिजोरीची भीती प्रत्येकाला होती. 22 एप्रिलला मतदान झाले: बाजूने 48, विरोधात 7, तटस्थ 43. तटस्थांची मते धरायची नसल्याने दोन-तृतीयांश बहुमत झाले. म्हणजे एकमताने निवडलेला माणूस 145 पैकी 48 देशांनी घालवला! त्या 7 देशांइतकाच मला त्या 43 देशांचा विचार छळतो. हेगला गेलो तेव्हा ती अर्धवर्तुळाकार इमारत बराच वेळ बाहेरून पाहत राहिलो. डोक्यात हाच हिशेब होता.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. निरीक्षकांना इराकमध्ये परत पाठवणारा सुरक्षा परिषदेचा ठराव 1441 नोव्हेंबर 2002 मध्ये झाला आणि 27 तारखेला ब्लिक्स यांचे निरीक्षक तिथे कामाला लागले. सुमारे 500 ठिकाणी 700 तपासण्या झाल्या. मर्यादेपलीकडे मारा करणारी अल-समूद क्षेपणास्त्रे तोडून टाकली गेली. इराक नायजरकडून युरेनियम घेऊ पाहत होता असे दाखवणारी कागदपत्रे खरी नाहीत, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी 7 मार्च 2003 ला परिषदेत सांगितले. 18 मार्चला निरीक्षक परतले आणि दोन दिवसांत बॉम्ब पडू लागले.

ब्लिक्स यांना मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. इराक काहीतरी दडवतोय असा संशय त्यांनाही बराच काळ होता. तरीही ज्या साठ्याचा हिशेब लागत नाही तो साठा आहेच, असे धरून चालू नका, हे त्यांनी परिषदेला बजावले. स्वतःच्या संशयाला अहवालात पुरावा म्हणून न मिरवणे, माझ्या लेखी निरीक्षकाची सचोटी ती हीच. त्यांच्या पथकाला पगारही संयुक्त राष्ट्रांचा होता. आधीच्या पथकात सरकारांनी धाडलेली माणसे असत आणि त्यातूनच हेरगिरीचा डाग लागला होता. ब्लिक्स यांना खुर्चीवरून कोणी हटवले नाही. त्यांचे फक्त ऐकले नाही.

बुस्तानी गप्प बसले नाहीत. ते आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. जुलै 2003 मध्ये निकाल लागला: बडतर्फी बेकायदा, थकीत वेतन द्या, वर 50,000 युरो भरपाई द्या. सदस्य देशांच्या मर्जीवर अधिकाऱ्याची नोकरी टांगली तर त्याचे स्वातंत्र्य उरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तोपर्यंत हेगमध्ये नवे महासंचालक येऊन वर्ष होत आले होते, आणि अमेरिकी फौजा बगदादमध्ये ज्या शस्त्रांचा शोध घेत होत्या ती तिथे नव्हतीच.