तुझी दखल घेईल तो खुळा

हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगजौच्या परिसरातली कॅन्टोनीज भाषा माणसाला झटकून टाकण्याच्या बाबतीत श्रीमंत आहे. ‘छॉय नेई टोऊ सॉ’ म्हणजे शब्दशः ‘तुझी दखल घेणेसुद्धा खुळेपणा’. दखल घेण्यासाठी असलेल्या ‘छॉय’ या शब्दाच्या लिपिचिन्हात डावीकडे डोळा आहे. आपल्या ‘ढुंकूनही न पाहणे’मागे हीच कल्पना. त्यापुढची पायरी ‘टॉङ नेई थउ मिङ’, म्हणजे तुला पारदर्शक समजणे: माणूस समोर उभा, पण नजर त्याच्यातून आरपार जाते.

शब्दकोशात याचा अर्थ मिळतो, वजन मिळत नाही. तुझी दखल घेत नाही, हे तोंडावर सांगणे हीसुद्धा दखलच. म्हणून ‘छॉय नेई टोऊ सॉ’ जवळच्या माणसांत थट्टेनेही चालते. परक्याच्या तोंडी तेच वाक्य लागते. शाळेत लेखन शिकवतात ते प्रमाण चिनी भाषेतले, त्यामुळे या बोलीचे हे बारकावे पुस्तकांपेक्षा चित्रपटांत आणि मोबाइलवरच्या गप्पांतच अधिक भेटतात.

नकाराला खाण्यापिण्याची उपमा देण्याची हौस इथेही आहे. प्रेमात नकार मिळाला की ‘लिंबू खाल्ले’. (भेटीची वेळ ठरवून न येणे मात्र ‘विमान सोडणे’!) सर्वांत रंजक प्रयोग नोकरीवरून काढण्याचा: ‘छाउ यउ यू’, म्हणजे माकूळ परतणे. तापलेल्या कढईत माकुळाचे तुकडे आपोआप गुंडाळले जातात. पूर्वी नोकर मालकाकडेच राहत, अंथरूण-पांघरूण आपले आणत. काम सुटले की त्याची वळकटी करून निघत. कढईतले ते तुकडे म्हणजे ही वळकटी, अशी या प्रयोगाची उपपत्ती सांगतात. मराठीत मालक ‘नारळ देतो’ आणि नोकर ‘गाशा गुंडाळतो’. कॅन्टोनीजने दोन्ही गोष्टी एकाच कढईत घातल्या. ‘चालता हो’ म्हणण्याची लाज त्या कढईआड झाकली जाते, एवढी सोय मालकाला होते.

पण या प्रयोगाची मालकी मालकाकडे राहिलेली नाही. मालकाला बोलीत ‘लोउ सइ’ म्हणतात. कंटाळलेला नोकर आपणहून राजीनामा देतो, तेव्हा तो ‘छाउ लोउ सइ यउ यू’ म्हणतो: मालकाचेच माकूळ परतले.