मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही? आधी मीटर बघा

गंगापूर रोडला बंगल्यामागच्या खोलीत पॅकिंग किंवा क्लास सुरू करताय? तिथे नेट नसेल तर ऑर्डर आणि पेमेंट दोन्ही अडकतात. मेश वाय-फायसुद्धा जाड भिंतींपुढे दमतं.

अशा वेळी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी बघा. एक राउटरला, दुसरा मागच्या खोलीतल्या मेश युनिटला लॅन केबलने जोडायचा. मधला डेटा लाइटच्या वायरिंगमधून जातो.

घेण्याआधी तपासा: दोन्ही सॉकेट एकाच मीटरवर, शक्यतो एकाच फेजवर हवेत. अडॅप्टर थेट भिंतीत लावा, एक्स्टेंशन बोर्डात नाही. बॉक्सवरचा स्पीड प्रत्यक्षात मिळत नाही, म्हणून परत करता येईल असाच घ्या.

चर खोदणं शक्य असेल, तर 100 मीटरपर्यंत लॅन केबल केव्हाही सरस.