पहिला पोहोचणारा शुक्राणूच जिंकतो?

कोट्यवधी शुक्राणू सुटतात, सगळ्यांत जोरात पोहणारा आधी पोहोचतो आणि नुसत्या वाट बघत बसलेल्या स्त्रीबीजात शिरतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे.

मुळात ही शर्यतच नाही. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावत शुक्राणूंना वर ढकलायला मदत करतात आणि स्त्रीबीजाच्या आसपास पोहोचतात ते जेमतेम काही शे. शिवाय घाईने पोहोचून उपयोगही नाही, कारण ताज्या शुक्राणूला फलन जमतच नाही. 1951 साली अमेरिकेत मिन च्यूह चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले, की शुक्राणूला आधी मादीच्या जननमार्गात काही तास काढावे लागतात. तिथे त्याच्या आवरणातले कोलेस्टेरॉल कमी होते आणि तो संकेत घेण्याजोगा होतो. याला कॅपॅसिटेशन म्हणतात.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजला आहे: स्त्रीबीज काहीच करत नाही. प्रत्यक्षात त्याच्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडत असतात. माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाची कॅल्शियमची दारे असतात. 2001 साली ती उंदरांत सापडली. प्रोजेस्टेरॉन लागताच ती उघडतात, हे 2011 साली दोन संशोधक गटांनी दाखवले. कॅल्शियम आत घुसते आणि शेपटीची चालच पालटते. एरवी ती दोन्ही बाजूंना सारखी लहरत असते. आता ती एका बाजूला जास्त वाकत चाबकासारखे फटके मारू लागते. हा जोर आला नाही, तर स्त्रीबीजाचे जाड कवच भेदता येत नाही.

शुक्राणू कवचाला टेकल्यावरच डोक्यावरची विकरांची पिशवी फोडतो, असे पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. पण 2011 साली उंदरांच्या शुक्राणूंचे चित्रण केले, तेव्हा यशस्वी ठरलेल्या बहुतेकांची पिशवी कवचाला टेकण्याआधीच फुटलेली दिसली.

अखेरची भेटही एकतर्फी नसते. शुक्राणूवरचे इझुमो हे प्रथिन (2005) स्त्रीबीजावरच्या जुनो या प्रथिनाला (2014) जुळावे लागते. उंदरांमध्ये फलन झाले की अर्ध्या-पाऊण तासात स्त्रीबीज आपल्या पृष्ठभागावरून जुनो झटकून टाकते आणि मागाहून येणाऱ्यांना थारा मिळत नाही.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते राहत नाही. ‘त्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे दोष तिचाच,’ असे आजही घराघरांत सर्रास बोलले जाते, आणि ते फार अन्यायाचे आहे. नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. संकेताला मिळणारा प्रतिसाद पाहत नाहीत. या तिन्ही बाबी ठीक असूनही कॅटस्पर निकामी असलेले पुरुष संशोधकांना आढळले आहेत. त्यांचे शुक्राणू छान पोहतात, पण प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाहीत. साध्या आयव्हीएफमध्येही अशा शुक्राणूंकडून फलन होत नाही. सुईने शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी पद्धत मात्र त्यांच्या उपयोगी पडते.