तासगावचा रथ : सातारा-सांगलीच्या रथोत्सवांचा मागोवा

सजवलेली वाहने भर रस्त्यातून मिरवत नेण्याची हौस जगात अनेक ठिकाणी दिसते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात लोकांनी स्वतः रंगवलेल्या व नटवलेल्या मोटारींची मिरवणूक १९८८ पासून निघते, तर गोव्याच्या कार्निव्हलमध्ये मोमो राजाच्या मागोमाग चित्ररथांची रांग लागते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा मान देवाच्या रथाकडे आहे. येथील बहुतेक रथयात्रांचा आरंभ दंतकथेत हरवलेला असला, तरी तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाचे तसे नाही; त्याचा काळ आणि कर्ता दोन्ही ठाऊक आहेत, आणि म्हणूनच या प्रदेशातील रथपरंपरेचा शोध तासगावपासून सुरू करणे योग्य ठरते.

हा उत्सव पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांनी १७७९ मध्ये सुरू केला असे मानले जाते आणि उत्सवाची वर्षेही त्याच सनापासून मोजली जातात. २०२२ चा रथोत्सव २४३ वा होता. पटवर्धन घराणे मूळचे कोकणातील कोतवड्याचे. घराण्याचे मूळपुरुष हरभट हे गणपतिपुळ्याच्या गणपतीचे निस्सीम उपासक होते, पुढे ते इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये झाले आणि त्यांच्या मुलांनी व नातवांनी पेशवाईत तलवार गाजवून मिरज, तासगाव, सांगली, जमखंडी अशा जहागिरी उभ्या केल्या. परशुरामभाऊंना वय झाल्यावर पुळ्याची वारी जमेना, तेव्हा त्यांनी कुलदैवतच तासगावी आणले, अशी परंपरा सांगितली जाते. ती मनाला पटणारी असली, तरी पुरेशी नाही, कारण देऊळ का बांधले हे तिच्यातून कळते, पण रथ का काढला आणि तो या आकाराचा का केला, हे कळत नाही.

त्याचे उत्तर पटवर्धनांच्या मोहिमांत शोधावे लागते. माधवराव पेशव्यांच्या काळापासून हैदरअलीशी आणि नंतर टिपूशी झालेल्या लढायांत पटवर्धनांच्या फौजा तुंगभद्रेच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षे वावरल्या, आणि त्या मुलखात त्यांनी गोपुरे, म्हणजे मंदिराच्या प्रवेशद्वारावरील मजल्यामजल्यांनी निमुळते होत जाणारे उंच मनोरे, तसेच देवळाच्याच शिखराची प्रतिकृती वाटावी असे उंच लाकडी रथ पाहिले. तासगावच्या मंदिरापुढे उभे असलेले सात मजली, सुमारे ९६ फूट उंचीचे गोपुर महाराष्ट्रातील मंदिर-वास्तूत जवळजवळ एकाकी आहे. त्याच्यावरील दक्षिणेचा ठसा सहज ओळखू येतो. गोपुर आणि रथ ही दोन्ही एकाच अनुभवाची फळे आहेत, असे म्हणण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळतो. लढाईवर गेलेला सरदार परमुलखातून खजिना आणतो, हे इतिहासात नित्याचे आहे. परशुरामभाऊंनी उत्सवाची एक संपूर्ण रीत आणली, आणि त्यांच्या साऱ्या कर्तबगारीत अधिक टिकली ती हीच.

रथोत्सव भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला होतो, कारण मंदिराच्या संस्थानचा उत्सवी गणपती दीड दिवसाचा असतो. तीन मजली उंच रथ केळीचे खुंट, नारळाची तोरणे आणि फुलांच्या माळा यांनी सजवला जातो, पुढे हत्तीण चालते आणि जाड दोरखंड धरून शेकडो माणसे तो गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत व तेथून परत ओढत आणतात. पुत्र पित्याच्या भेटीला जातो, ही त्यामागील भावना. गुलाल आणि पेढ्यांची उधळण होते आणि ‘मोरया’च्या गजरात रथ हलतो. अशा मोठ्या रथांना मोटारीसारखे सुकाणू नसते. वळणावर चाकाखाली लाकडी ठोकळे आणि पाचरी सारून, दोर कधी एका तर कधी दुसऱ्या अंगाने ताणून रथाचे तोंड फिरवावे लागते, आणि हे काम पिढीजात सवयीच्या हातांनाच साधते. दोर कोणीही धरावा, ही या उत्सवाची खरी थोरवी आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा काळ १८९३ पासून धरला जातो, पण गणपतीला घरातून आणि देवळातून काढून गावाच्या रस्त्यावर, सर्वांच्या हाती देण्याचे काम तासगावने त्याच्या ११४ वर्षे आधीच केले होते, आणि त्याचा जितका गौरव व्हायला हवा तितका झालेला नाही.

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, त्याच सुमारास तासगावची जहागीरही इंग्रजांनी घेतली. तासगाव सातारा जिल्ह्याचा तालुका बनले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. राज्यकर्ते आणि हद्दी बदलत गेल्या, पण रथाची तिथी आणि वाट तीच राहिली.

उत्तरेकडे माणदेशात रथाचे प्रयोजन वेगळे आहे. म्हसवडला सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचा विवाहसोहळा दिवाळीच्या पाडव्यापासून चालू होतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघणारा रथ हा त्या लग्नाची वरात मानला जातो. सजवलेल्या रथात देवदेवी बसतात आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत नगरप्रदक्षिणा होते. येथे दाक्षिणात्य प्रभावाचे कारण शोधण्याची गरज नाही. वरातीला वाहन लागतेच.

खटाव तालुक्यातील पुसेगावचा रथ या सर्वांत अलीकडचा. सेवागिरी महाराजांच्या पुण्यस्मरणार्थ मार्गशीर्ष महिन्यात भरणाऱ्या यात्रेत भाविक रथावर नोटा वाहतात, आणि मिरवणूक पुढे सरकते तसतसा रथ नोटांच्या माळांनी झाकून जातो. काही नोटा परदेशी चलनाच्याही असतात. यात्रा संपल्यावर देणगीची जाहीर मोजदाद होते. नोटांची सजावट काहींना उथळ वाटते, पण ते मत उतावळे आहे. तासगावचा रथ निघण्यापूर्वी संस्थानच्या व्यवस्थेत सजतो, तर पुसेगावचा रथ वाटेतल्या माणसांच्या हातून, त्यांच्या डोळ्यांदेखत सजत जातो. दहा रुपयांची नोट लावणारा शेतकरीही त्या सजावटीचा कर्ता असतो.

या रथांचा लिखित इतिहास मात्र तुटपुंजा आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून प्रसिद्ध केली, त्यामुळे त्या घराण्याच्या लढाया तारीखवार ठाऊक झाल्या; रथ घडवणारे सुतार, चाकांचे लोहार, पाचर सारणारे आणि दोर वळणारे यांची नावे व त्यांची कामाची रीत मात्र तशी कोणी नोंदवून ठेवली नाही. हे ज्ञान आजही तासगाव, म्हसवड आणि पुसेगावच्या वृद्धांकडे तोंडी आहे. तेथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि देवस्थानांनी मिळून ते येत्या काही वर्षांतच लिहून घ्यावे, कारण ते सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.